दहा मिनिटांचा पेटा

कस्तुरीच्या हातात शर्ट पडला की त्या शर्टाचं काही खरं नसे.

बंगळुरात यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे, कांद्याच्या गोदामाला पाठ लावून त्यांचं घर होतं. घर भावसारांचं, जुन्या रंगाऱ्यांचं. कस्तुरीचे पणजोबा लुगडी रंगवायचे. आता त्या घराची गंमत अशी होती, की पुढच्या दाराला भाऊ नवं करायचा आणि मागच्या दाराला बहीण जुनं करायची. पुढे गुंडूरावांचं दुकान. ते कस्तुरीचे थोरले काका, पण घरात, गल्लीत, बाजारात सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. आणि मागे अंगण ओलांडलं की पत्र्याच्या शेडमध्ये शिल्पाश्री आत्याचं राज्य.

आत्या सिनेमाचे कपडे जुने करायची. म्हणजे असं बघा, सिनेमात हमाल दाखवायचा तर त्याचा सदरा येतो दुकानातून. दुकानातला सदरा कडक, पांढराफेक, घडीच्या रेघा पडलेला. तो घालून नट उभा राहिला की लोकांना हमाल दिसतच नाही, नुसता सदरा दिसतो. म्हणून तो आधी आत्याकडे यायचा. आत्या त्याला चहाच्या पाण्यात बुडवायची, कॉलरला पॉलिश पेपर मारायची, कोपरं खिसणीवर घासायची, खिशात दगड भरून दोरीवर टांगायची, काखेत ग्लिसरिनचे डाग पाडायची आणि वर मुलतानी माती चोळायची. दोन दिवसांत तो सदरा असा थकून जायचा, की जणू त्यानं दहा वर्षं ओझी वाहिली असावीत.

कस्तुरी ह्या शेडमध्ये पहिल्यांदा आली ती एप्रिलच्या सुट्टीत, आणि खरं सांगायचं तर तिथला पंखा घरातल्या पंख्यापेक्षा जोरात फिरायचा म्हणून. तोवर कस्तुरी म्हणजे वर्गात हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे अशी मुलगी. बाई दोनदा नाव घ्यायच्या, ती दोनदा "येस मिस" म्हणायची आणि तरी गैरहजेरी लागायची. आत्यानं एक दिवस तिच्या हातात खिसणी दिली आणि ट्रक ड्रायव्हरचा नवाकोरा खाकी शर्ट दिला. कस्तुरीनं त्याची उजवी बाही सोडून दिली आणि डावी खिडकीबाहेर ठेवून चालवणाऱ्या ड्रायव्हरची... नाही नाही, उलटं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवी बाही उन्हानं उडवली आणि डावी तशीच ठेवली. शूटिंगवाल्यांनी फोन करून विचारलं, हा शर्ट कुठल्या ड्रायव्हरकडून विकत घेतलात?

त्या दिवशी कस्तुरीला जो कंठ फुटला तो आजतागायत थांबलेला नाही. दहावीच्या वर्गात सगळ्यात आधी हात वर तिचा. रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करणार तीच. बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या माणसाची पाठ बघून ती मैत्रिणीला सांगायची, हे काका बॅग डाव्या खांद्याला लावतात आणि घरी गेल्यावर उशीला टेकून मोबाइल बघतात. एकदा त्या काकांनी ऐकलं आणि वळून विचारलं, तुला कसं कळलं? तर हिनं पुढचा स्टॉप येईपर्यंत समजावून सांगितलं.

तर एका मंगळवारी ही कस्तुरी शाळेतून येऊन, युनिफॉर्मवर आत्याचा एप्रन चढवून शेडमध्ये बसली होती. आत्या चित्रदुर्गाकडे शूटिंगला गेली होती. चाळीस सैनिकांचे अंगरखे तिथल्या तिथे मळवायचे होते, ती रविवारी येणार होती. आणि दारात उभा राहिला अद्वैत.

अद्वैत मूळ पुण्याचा, राहायला मारतहळ्ळीला. आधी आयटीत होता, आता एका कन्नड सिनेमाच्या कपड्यांचं काम बघायचा. तो आला की पहिली दहा मिनिटं ट्रॅफिकची. कुठल्या सिग्नलला किती वेळ गेला, गूगलनं कसं फसवलं, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या पोटातलं काम बाहेर येत नसे. त्या दिवशी ते आलं ते असं.

सिनेमात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांच्या घरी शोकेसमध्ये त्यांच्या सत्काराचा पेटा ठेवलेला आहे, बावीस वर्षांपूर्वीचा. शोकेस उघडून म्हातारे सर तो पेटा काढतात आणि हातात धरून बसतात. बस, एवढाच प्रसंग, पण कॅमेरा अगदी जवळ. पेटा खरोखर बावीस वर्षांचा दिसला पाहिजे, आणि शनिवारी सकाळी दहाला हवा. घर दोनच दिवस भाड्यानं मिळालं होतं. शिल्पाताई नाहीत म्हटल्यावर अद्वैत दुसरीकडे कुठे जाता येईल ह्याचा विचार करत निघालाच होता.

"मी करते," कस्तुरी म्हणाली.

"तू?"

"मीच. आत्या आली की तिला विचारा, ह्या महिन्यातले अर्धे कपडे कोणी बिघडवलेत."

अद्वैतनं तिच्या दोन वेण्यांकडे पाहिलं, मग तिनं पुढे केलेल्या एका लुंगीकडे पाहिलं, जी काल दुपारपर्यंत नवी होती. मग त्यानं स्पष्टच सांगितलं, की हे फसलं तर त्याच्या वरची मोठी मॅडम, म्हणजे सिनेमाची कपडे-डिझायनर, ह्या शेडकडे पुन्हा एक रुमालही पाठवणार नाही. म्हणजे जाणार ते कस्तुरीचं नाव नाही, आत्याचं. कस्तुरी म्हणाली, सरी. सरी म्हणजे ठीक आहे. बंगळुरात हा शब्द तोंडातून आपोआप सांडतो, आणि सांडल्यावर परत उचलता येत नाही.

आता पेटा म्हणजे काय ते सांगायला हवं. फेटा डोक्यावर बांधतात. म्हैसूरचा पेटा टोपीसारखा तयार मिळतो, रेशमी चुण्यांचा, जरीच्या काठाचा, समोर मोत्यांचं पदक लावलेला. इतर गावांत शाल आणि नारळ देऊन लोक मोकळे होतात; बंगळुरात पेट्याशिवाय सत्कार होतच नाही, मग तो नगरसेवकाचा असो की रिटायर होणाऱ्या पोस्टमनचा. आणि यशवंतपुरात पेटा म्हटलं की अण्णा. लाकडी साच्यावर खळ लावलेलं कापड चढवायचं, वर चुण्या एकेक करून बसवायच्या, आणि शेवटी आतल्या पांढऱ्या अस्तरावर दुकानाचा जांभळा शिक्का मारायचा. हे काम ते छत्तीस वर्षं करत होते, आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांच्या हातचा पेटा कधी जमिनीला टेकलेला कोणी पाहिला नव्हता. गंमत म्हणून डोक्यावर घालून बघायची तर सोयच नव्हती. कस्तुरीनं सहा वर्षांची असताना एकदा घातला होता, आणि त्या दिवशीचं बोलणं तिला अजून तोंडपाठ होतं.

बहिणीच्या धंद्याबद्दल अण्णा फारसं बोलत नसत. शिकलीसवरली बाई नव्या सदऱ्याला भोकं पाडते, एवढंच ते वर्षातून एकदा गणपतीच्या जेवणाला म्हणत, आणि आत्या त्यांना आणखी एक मोदक वाढून गप्प करी. त्यामुळे कस्तुरीनं पेटा मागितल्यावर त्यांनी मान वर न करताच नाही म्हटलं. ती स्टुलावर बसून राहिली. तिनं हेडमास्तरांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, दुसऱ्या दुकानातून आणा. ती म्हणाली, हेडमास्तरांचा सत्कार आहे, दुसऱ्या दुकानाचा कसा चालेल? हे मात्र अण्णांना पटल्यासारखं झालं. बराच वेळ सुई चालली. मग ते उठले आणि वरच्या फळीवरून एक किरमिजी पेटा काढून त्यांनी तिच्या दोन्ही हातांत ठेवला.

"जुना कर," ते म्हणाले. "पण त्याचा अपमान करू नको, बघ."

कस्तुरीनं बुधवारी शाळा सुटल्यापासून जेवणाची हाक येईपर्यंत, आणि गुरुवारी शाळा सुटल्यापासून अद्वैत येईपर्यंत, जीव ओतून काम केलं. तिला येत होतं ते सगळं तिनं त्या पेट्यावर केलं. चहाच्या पाण्यानं रंग मळवला. चुण्यांच्या कडा पॉलिश पेपरनं उडवल्या. काठाची जर दोन जागी उसवली आणि दोरे लोंबू दिले. कपाळाच्या बाजूला घामाची ओळ आणली, आतल्या अस्तराला तेलाचा चिकट काळपटपणा आणला, वरून माती चोळली. एक मोती काढून टाकला. झाल्यावर दूर उभं राहून पाहिलं तर स्वतःच्याच कामावर बेहद्द खूश. बावीस काय, चाळीस वर्षं म्हणा.

गुरुवारी संध्याकाळी अद्वैत आला. ट्रॅफिकबद्दल एक अक्षर न बोलता त्यानं पेटा हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"भारी झालाय," तो म्हणाला. "म्हणजे कारागिरी भारी आहे. पण कस्तुरी, हा बँडवाल्याचा वाटतोय गं. ह्या सरांनी हा घालून काय विहीर खणली का?"

काय चुकलं ते त्यालाही नेमकं सांगता येईना. तो म्हणाला, मी काही एक्स्पर्ट नाही, मला फक्त दिसतंय की हे सर नाहीत. शनिवारी सकाळी येतो. जमलं तर ठीक, नाहीतर नवाच पेटा शोकेसच्या अंधारात ठेवू आणि मॅडमचं ऐकून घेऊ. तो गेला आणि कस्तुरी वळली, तर मागे अंगणाच्या दारात अण्णा उभे होते. ते केव्हापासून उभे होते कोण जाणे.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. कस्तुरीला रागाला उत्तर देता येत होतं, हल्ली तर फारच छान येत होतं. पण अण्णांनी दारातूनच तिच्याकडून पेटा दोन्ही हातांत घेतला, लोंबणारे दोरे आत सारले, खांद्यावरच्या स्वच्छ पंच्यात तो गुंडाळला आणि आत नेऊन माळ्यावर ठेवला. मग सहा वाजताच दुकानाचं शटर ओढलं. यशवंतपूरच्या बाजारात सहा म्हणजे भर गिऱ्हाइकाची वेळ. शेजारच्या दोन दुकानदारांनी येऊन विचारलं, अण्णांची तब्येत बरी आहे ना?

त्या संध्याकाळी कस्तुरी इतकी गप्प होती, की आईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवारी केमिस्ट्रीच्या तासाला बाई फळ्यावर काहीतरी समतोल करत होत्या आणि कस्तुरीच्या डोक्यात पेटा फिरत होता. आजवर आलेल्या प्रत्येक कपड्याला तिनं एकच प्रश्न विचारला होता: तुला घालून हा माणूस काय करतो? मग पेटा घालून माणूस काय करतो? तिनं पाहिलेले सगळे सत्कार डोळ्यांसमोर आणले. गल्लीतल्या गणेशोत्सवाचे, काकूंच्या बँकेतले, शाळेच्या गॅदरिंगचे. माणूस खुर्चीवर बसतो, त्याच्या डोक्यावर पेटा ठेवतात, फोटो होतो, टाळ्या होतात, आणि लगेच तो पेटा काढून मांडीवर घेतो. कारण टोचतो तरी, नाहीतर लाज तरी वाटते. आणि मग? दुसऱ्यांदा पेटा घातलेला माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता.

मग ते जातात कुठे?

प्रश्न पडला तसं तिला आठवलं, की एक तर रोज दिसतो. हेडमिस्ट्रेसच्या ऑफिसात, चषकांच्या काचेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर.

गेल्या वर्षी हीच मुलगी त्या ऑफिसवरून चवड्यांवर चालत जायची. आता मधली सुट्टी झाल्याबरोबर ती सरळ आत गेली आणि पुष्पावती मिसना म्हणाली, मिस, मला तो पेटा बघायचाय, हातात घेऊन. मिस चौदा वर्षं त्या खुर्चीवर होत्या. पालक भांडायला आले होते, माकडं खिडकीतून आली होती, पण ते कपाट उघडा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनाच आता उत्सुकता लागली. किल्ली सापडली, पण कुलूप फिरेना. मिसनी ड्रॉवरमधून खोबरेल तेलाची बाटली काढून स्वतः त्यात दोन थेंब सोडले. कपाट उघडलं आणि कस्तुरीनं तो पेटा खाली काढला.

तो कुठेच फाटलेला नव्हता. एक दोरा निघालेला नव्हता. पण खिडकीकडची त्याची बाजू उडून फिकट गुलाबी झाली होती आणि दुसरी बाजू अजून किरमिजीच होती, जणू दोन वेगळे पेटे मधोमध जोडले असावेत. चुण्यांच्या वरच्या कडांवर धूळ होती, खालच्या बाजू स्वच्छ. जर काळी पडली होती, पण एकसारखी, उगाळलेल्या चंदनासारखी शांत. मागे एक खळगा होता, तिथे वीस वर्षं क्रिकेटचा चषक टेकलेला होता. तळाशी, जिथे तो फळीवर बसला होता, तिथे एक पातळ वर्तुळ उमटलं होतं. आणि तिनं तो उलटा केला तर आत पांढरंशुभ्र अस्तर, कालच शिवल्यासारखं. त्याच्या मधोमध जांभळा शिक्का. गुंडूराव अँड ब्रदर्स, यशवंतपूर.

कस्तुरीनं मिसना फोन करू द्या म्हणून विनंती केली. फोनवर ती अण्णांना फक्त एवढंच म्हणाली, की शाळेत या, तुमची एक वस्तू इथे आहे.

अण्णा पंधरा मिनिटांत स्कूटरवर आले. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती. कस्तुरीशी ते आदल्या संध्याकाळपासून बोललेले नव्हते, आताही बोलले नाहीत. मिसनी पेटा पुढे केला. त्यांनी तो घेतला, आधी आत बघितलं, मग बाहेरून, आणि मग त्यांचं बोट चुण्यांवरून एकेक मोजत गेलं.

"सात," ते म्हणाले. "तेव्हा मी सात घालत होतो. आता पाचच घालतो, बघा. लोकांना घाई असते."

मिस सांगत होत्या. हा शाळेच्या पहिल्या हेडमास्तरांचा. डिसेंबरात निरोप समारंभ झाला, त्यांनी तो फोटोपुरता दहा मिनिटं घातला. जरा मोठा होता, कानांवर यायचा. जाताना म्हणाले, माझ्या घरी पोरं खेळतील ह्याच्याशी, शाळेतच ठेवा. कानांवर यायचा हे ऐकून अण्णांना लागलंच. ते म्हणाले, माप कोणी दिलं होतं? कमिटीनं दिलं असणार. कमिटी कधी डोकं मोजत नाही. मिसनी ते मुकाट्यानं मान्य केलं.

मग अण्णा खिडकीपाशी गेले आणि पेटा उजेडात धरून बराच वेळ उभे राहिले. बोलले ते कस्तुरीकडे पाहून.

"किती हजार केले असतील. सगळ्यांना मी जातानाच बघितलंय. म्हातारा झालेला हा पहिलाच."

मिसनी कस्तुरीला शेवटचे दोन तास सोडलं, सोमवारी सायन्सची वही पूर्ण दाखवायच्या अटीवर. परत येताना ती स्कूटरवर मागे बसली आणि न राहवून अण्णांच्या पाठीशी बोलली, की अण्णा, पहिल्याचं माझं चुकलं. पुढे सिग्नल लागला. एक पाय टेकून अण्णा म्हणाले, तू तो हमालाचा केलास. ती हो म्हणाली. अण्णा हिरवा दिवा व्हायची वाट बघत राहिले.

"हमालाला मिळाला असता ना," ते म्हणाले, "तर त्यानंही जपूनच ठेवला असता."

दिवा हिरवा झाला.

घरी आल्यावर अण्णांनी दुसरा किरमिजी पेटा काढला आणि तो हातात घेऊन स्वतः अंगण ओलांडून शेडमध्ये आले. आत्यानं शेड बांधली त्याला अकरा वर्षं झाली. अण्णा आत आले ते त्या दिवशी पहिल्यांदा. आधी त्यांनी टेबल पुसायला लावलं, त्यावर धुतलेली चादर घालायला लावली, मग पेटा ठेवला. कस्तुरीनं अद्वैतला मेसेज करून शूटिंगच्या घराचा फोटो मागवला. शोकेस कुठे, खिडकी कुठे? खिडकी डाव्या हाताला होती. म्हणजे डावी बाजू उडवायची.

उडवायचं काम कस्तुरीचं. बाटलीत पातळ केलेलं पेरॉक्साइड भरून तिनं नुसता धुक्यासारखा फवारा मारला, वाळू दिला, पुन्हा मारला, असं पाच वेळा. उजव्या बाजूला ओली चादर झाकून. चुण्यांच्या खाचांत फवारा जाऊ द्यायचा नाही, कारण खाचेत ऊन जात नाही. हे अण्णांनी सांगितलं. मग अण्णांनी किटलीच्या वाफेवर मागची बाजू धरली. खळ नरम झाली तसा अंगठ्यानं एक खळगा आणला, चषक टेकल्यासारखा. इथे चषक कशाला, हे सर काही क्रिकेटवाले नाहीत, असं कस्तुरी म्हणाली. अण्णा म्हणाले, मग मुलांच्या लग्नाचा फोटो टेकला असेल, फ्रेमचा. म्हणून मग त्यांनी खळग्याला एक सरळ कड दिली.

जर काळी करायची वेळ आली तेव्हा जरा पंचाईत झाली. आत्याची रीत अशी, की जर उसवून घट्ट डब्यात ठेवायची आणि शेजारी उकडलेलं अंडं फोडून ठेवायचं. अंडं जरीला लागत नाही, नुसत्या वासानं ती सावकाश काळी पडते. कस्तुरीनं हे सांगितलं तसं अण्णांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"शुक्रवार आहे आज," ते म्हणाले.

"खायचं नाहीये, अण्णा. नुसता वास."

"वासाला वार नसतो म्हणतेस?"

शेवटी तोडगा निघाला. काठाची जर अण्णांनी स्वतः हळूच उसवली, पण अंडं आणणं, उकडणं, फोडणं सगळं कस्तुरीनं शेडमागे करायचं आणि डबाही शेडचाच घ्यायचा. दिवेलागणीपर्यंत जर अगदी शाळेतल्यासारखी झाली. अण्णांनी ती धुऊन, वाळवून, पुन्हा एकही टाका दिसणार नाही अशी बसवली. राख आणि मुलतानी माती वस्त्रगाळ करून कस्तुरीनं सरबताच्या नळीतून फुंकली, फक्त वरच्या कडांवर. तळाचं वर्तुळ ओल्या फडक्यानं आणलं. आतल्या अस्तराला हात लावायचा नाही असं दोघांचंही न बोलता ठरलं होतं. फक्त कपाळाच्या कडेला, जिथे सत्काराचं कुंकू टेकलं असेल, तिथे कस्तुरीनं करंगळीच्या टोकानं एक पुसट ठिपका ठेवला. अण्णांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाले, स्वल्प जास्त झालं. तिनं पुसून अर्धा केला.

शनिवारी साडेनऊलाच अद्वैत हजर. पेटा पुढच्या दुकानात, काचेच्या काउंटरवर ठेवला होता. तो वाकून बघत राहिला. उजवीकडून बघितलं, डावीकडे गेला, पुन्हा उजवीकडे आला. त्याच्या खिशात मोबाइल वाजत होता तो त्यानं उचलला नाही.

"हे सर आहेत," तो शेवटी म्हणाला. मग त्यानं पेटा उलटा केला आणि कपाळाला आठी घातली. "फक्त आत नवाच दिसतोय. आतून थोडा घाम, तेल वगैरे आणू या का? पटकन होईल ना, कस्तुरी?"

कस्तुरीनं तोंड उघडलं होतं, पण आतून अण्णांचा आवाज आला.

"घाम कुठून येईल? दहा मिनिटं घातला त्यांनी."

"कोणी, काका?"

"सरांनी."

"अहो, पिक्चरमधले सर आहेत ते."

"असू देत," अण्णा सुई खाली ठेवून बाहेर आले. "सत्कार डिसेंबरात होतो. संध्याकाळी, मैदानावर. तेव्हा घाम येतो का? आणि माणूस अंघोळ करून, डोकं पुसून आलेला असतो. त्याचा दिवस असतो तो."

अद्वैतनं एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा कस्तुरीकडे. कस्तुरी छताकडे बघत होती. मग त्यानं आतला, बाहेरचा, दोन्ही बाजूंचा फोटो काढून मॅडमला पाठवला, आणि अण्णा म्हणाले ते सगळं व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, डिसेंबर आणि अंघोळीसकट. पलीकडे गोदामात कांद्याची पोती उतरत होती. मोबाइल वाजला. अद्वैतनं ते वाचून दाखवलं.

मॅडमना पसंत होता. इतका पसंत, की त्यांना उद्या सकाळपर्यंत असाच आणखी एक हवा होता. सिनेमात महत्त्वाच्या वस्तूची जोडी ठेवतात, एखादी बिघडली तर काम अडू नये म्हणून.

हे ऐकून अण्णा विचारात पडले. ते म्हणाले, असाच कसा होईल? दुसरा असेल तर तो दुसऱ्या माणसाचा. त्याचं घर वेगळं, फळी वेगळी, खिडकी वेगळी. कस्तुरीनं त्यांना समजावलं, की अण्णा, घर तेच, सर तेच, खिडकीही तीच. समजा, शूटिंगमध्ये पहिला चुकून पडला, तर लोकांना कळू नये म्हणून हा दुसरा.

"पाडणार आहेत?" अण्णांनी अद्वैतला विचारलं.

अद्वैतनं कानाला हात लावला. कोणी पाडणार नाही, तो स्वतः खाली उभा राहील, हवं तर उशी धरून उभा राहील. मग पहिला पेटा पांढऱ्या कापडात, खोक्यात, दोन्ही हातांनी त्याच्या स्वाधीन झाला आणि तो ट्रॅफिकच्या तोंडी गेला.

कस्तुरी सायन्सची वही आणायला आत निघाली होती. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, आधी एक धडा उतरवून टाकावा असा तिचा हिशेब होता. मागे शिडी सरकल्याचा आवाज झाला. अण्णा वरच्या फळीवरून तिसरा किरमिजी पेटा काढत होते. तो काखेशी धरून ते उतरले, दुकानाचं अर्धं शटर ओढलं, आणि तिच्या पुढे होऊन अंगणात पोचलेसुद्धा.

"चल गं," त्यांनी शेडच्या दारातून हाक मारली. "आणि अंडी दोन आण. आज शनिवार आहे, पण काय करणार."